रुखवताच्या अभ्र्यांसाठी इस्त्रीने उठणारे छाप: आजीचे जुने कागद वापरू का, की दुसरं काही?

महालची_लेक

नमस्कार. धाकट्या बहिणीचं लग्न यंदा तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि रुखवतातलं भरतकाम मी अंगावर घेतलंय. सहा उशांचे अभ्रे, एक टेबलक्लॉथ, ताटावर झाकायचे चार रुमाल. सहा महिने हाताशी दिसतात, पण ऑफिस सांभाळून रोज तासभरच मिळतो. नक्षी कापडावर उतरवण्यातच वेळ गेला तर भरायचं कधी?

नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर आवरताना आजीच्या ट्रंकेत कागदांचा एक गठ्ठा सापडला. पातळ, कडा पिवळ्या पडलेले कागद, त्यांवर निळ्या-जांभळ्या रेषांनी गुलाबाचे गुच्छ, फुलांच्या टोपल्या, कोपऱ्याच्या वेली. रेष नखाखाली किंचित उंच लागते, मेणाचा ओघळ वाळल्यावर लागतो तशी. आई सांगते, आजी हे कागद कापडावर पालथे घालून वरून इस्त्री करायची आणि नक्षी कापडावर उठायची.

मी एक लहान वेल जुन्या अभ्र्यावर करून पाहिली. घरी स्टीम इस्त्री आहे, तिच्यात पाणी होतं. वेल उठली, पण एका बाजूला रेष दुहेरी झाली आणि मध्ये मध्ये टिकलीएवढी जागा कोरीच राहिली. इतका जपून ठेवलेला कागद माझ्या हातून वाया गेला याचं फार वाईट वाटतंय.

मग बर्डीच्या बाजारात जाऊन "आयर्न ऑन ट्रान्सफर" मागितलं. एका दुकानात इस्त्रीने चिकटणारे तयार पॅच दाखवले. दुसऱ्या दुकानात टी-शर्टवर फोटो छापायचा कागद दिला. तो घेऊन आलेय, अजून उघडलेला नाही.

तर आजीचे कागद वापरावेत का, आणि कसे? आणि स्वतः काढलेल्या चित्राचा असा छाप घरी करता येतो का? दोन अभ्र्यांवर संत्र्याची डहाळी हवी आहे आणि टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात दोघांची आद्याक्षरं. ती काही त्या गठ्ठ्यात असणार नाहीत. कापड पांढरं केसमेंट आहे, गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलंय. रुमालांना मोतिया रंगाची मॅटी.

धरमपेठ_भरतवर्ग

पोरी, आधी उरलेले कागद इस्त्रीपासून लांब ठेव. सगळ्यांची झेरॉक्स काढून घे, मग पुढचं बोलू. कागद एकदा वापरला की त्यावरची शाई कमी होते, आणि आजीच्या हातचा गठ्ठा परत मिळत नाही.

तुझी वेल बिघडली ती कागद जुना म्हणून नाही, इस्त्रीमुळे. ही शाई तापली की मऊ होते आणि कापडाच्या धाग्यात उतरते. त्यासाठी कोरडी, सलग उष्णता लागते. तुझ्या इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं आहेत. भोकाखाली धातू टेकत नाही, म्हणून तेवढी जागा कोरी राहिली. वाफेची ओल कागदात शिरली ती वेगळीच. आणि रेष दुहेरी झाली कारण तू शर्टाला करतात तशी इस्त्री पुढेमागे सरकवलीस. कागद केसभर हलला तरी पुरतं. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. फिरवायची नाही.

घरात कुणाकडे जुनी जड ड्राय इस्त्री असेल तर ती माग. माझ्या बावीस वर्षांच्या वर्गात मी दुसरी इस्त्री वापरू दिली नाही. मोठा टेबलक्लॉथ असला की मी कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्या दादांकडे जाते. त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीचं वजनच इतकं की हात दाबावा लागत नाही, आणि तळ एकसारखा सपाट. फक्त राख उडू नये म्हणून आधी तळ पुसून घ्यायला सांगते.

आता कापड. कोऱ्या केसमेंटला खळ असते. रात्रभर पाण्यात भिजव, धू, उन्हात वाळव आणि कडक प्रेस कर. खळ राहिली तर शाई धाग्याला न धरता खळीवर बसते. शिवाय केसमेंट पहिल्या धुण्यात आटतं. भरून झाल्यावर आटलं तर गुलाबाला सुरकुत्या पडतात आणि त्या कशानेच जात नाहीत.

इस्त्रीच्या टेबलाला खाली स्पंज असतो, तो या कामाला नको. जेवणाचं लाकडी टेबल घे, त्यावर जुनी चादर चौपदरी, तिच्यावर कोरा कागद, मग कापड. नक्षी ठेवायच्या आधी नुसत्या कापडावर गरम इस्त्री दाबून ओल काढून टाक. कागद शाईच्या बाजूने पालथा, चारी बाजूंनी टाचण्या. टाचण्या साध्या लोखंडी घे, प्लास्टिकच्या डोक्याच्या वितळतात आणि तो रंग कापडावर कायमचा बसतो. इस्त्रीचा काटा कॉटनवर. एका जागी मनात दहा मोज. मग एकच कोपरा हलके उचलून बघ, बाकीचे तीन टाचलेले राहू दे. फिकट वाटलं तर पुन्हा टेकव आणि आणखी दहा. जुन्या शाईला वीसेक लागतात.

आणखी एक. प्रत्येक नक्षीजवळ बारीक नंबर छापलेला असेल. तो कात्रीने कापून बाजूला काढ, नाहीतर तोही उशीवर उठेल. आणि तो टाकू नकोस. त्याच कापडाच्या तुकड्यावर तोच नंबर छापून आधी परीक्षा घे. कंपन्या तेवढ्यासाठीही तो कोपरा देत असत.

ही रेष धुऊन जाईल असं मात्र धरून चालू नकोस. या छापाची रेष टाक्याखाली झाकायचीच असते. निम्मा गुलाब भरून निम्मी रेष मोकळी ठेवायची नक्षी असेल तर हा छाप त्या नक्षीसाठी नाही.

छापखाना_नंदनवन

ताई, माझा टी-शर्ट छपाईचा धंदा आहे, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. जो कागद तुम्ही आणलाय तो उघडू नका, परत करता येत असेल तर करा. त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. इस्त्री केली की चित्रासकट तो पापुद्रा कापडावर चिकटतो. फोटोसाठी ठीक, पण सुई त्यातून अडखळत जाते, टोचलेलं प्रत्येक भोक उघडं दिसतं, आणि कापड पुठ्ठ्यासारखं लागतं. उशीवर गाल टेकणार आहे ना कुणाचा तरी.

काही दुकानं सब्लिमेशन छपाई सुचवतील, चहा-कॉफीच्या कपांवर करतात ती. तीही तुमच्या कापडाला चालणार नाही. तो रंग तापून वायूसारखा होतो आणि पॉलिएस्टरमध्ये शिरतो. शुद्ध सुती कापड त्याला धरत नाही, पहिल्या धुण्यात रंग उतरतो.

दुकानात जाल तेव्हा "भरतकामाचा इस्त्रीचा छाप" किंवा "ट्रान्सफर पेन्सिल" असं मागा. नुसतं आयर्न ऑन म्हटलं की आमच्याकडचा माल पुढे येतो.

उलटी_टीप

आद्याक्षरं म्हणालात म्हणून थांबले. माझ्यासारखं तुमचं होऊ नये.

सासूबाईंच्या देव्हाऱ्याच्या पडद्यावर "श्री" भरायचं होतं. ट्रान्सफर पेन्सिलने कागदावर सुंदर वळणदार श्री काढला, पालथा घातला, दाबून इस्त्री केली. कागद उचलला तर श्रीची दुसरी वेलांटी डावीकडे जाऊन बसलेली. अक्षराचं तोंड फिरलं होतं. कागद पालथा घातला की डावं ते उजवं होतं, हे फुलांपानांत कळतच नाही, अक्षरात लगेच कळतं. आणि ती रेष पुसली जात नाही. दोन दिवस साबण, स्पिरिट, ब्रश सगळं केलं. फिकट झाली, गेली नाही. शेवटी त्यावर लाल कापडाचं कमळ कापून शिवलं आणि श्री त्याच्या वर नव्याने भरला.

तेव्हापासून मी असं करते. ट्रेसिंग पेपरवर साध्या पेन्सिलने अक्षर सरळ काढते. मग कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरते. मागून जे दिसतं त्यावर ट्रान्सफर पेन्सिल फिरवते. ती गिरवलेली बाजू कापडावर. आता ते सरळ उठतं. पेन्सिलला टोक सतत हवं, बोथट झाली की रेष जाड होते आणि जाड रेष झाकायला जास्त दोरा लागतो.

इस्त्री करण्याआधी कागद आरशासमोर धरा. आरशात जे दिसेल तेच कापडावर उमटणार.

कागद_कात्री

ट्रान्सफर पेन्सिल मिळाली नाही तर झेरॉक्सनेच काम होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, मुलींच्या भरतकामाच्या तासाला गेली चार वर्षं हेच करतोय.

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरची काळी पूड म्हणजे टोनर. ती प्लास्टिकची बारीक पूड असते, मशीनमध्ये तापवून कागदावर वितळवून चिकटवलेली. पुन्हा तापवली की पुन्हा मऊ होते आणि थोडी कापडावर उतरते. म्हणून प्रत शक्यतो ताजी हवी आणि काळीभोर हवी. दुकानदाराला "डार्क करा" म्हणून सांगा. स्वतःचं चित्र असेल तर "मिरर" करूनच काढायला सांगा, वर ताईंनी जे सांगितलं त्याच कारणाने.

आता आजीच्या कागदांची गंमत बघा. ते छापलेलेच उलटे असतात, कारण ते पालथे पडणार आहेत हे छापणाऱ्याला माहीत होतं. त्यामुळे त्यांची झेरॉक्स काढताना मिरर करायचं नाही. जशी आहे तशी प्रत काढा, पालथी घाला, आजीची नक्षी आजीच्याच बाजूने उठेल. मूळ कागदाला हातही लागणार नाही.

टोनरची रेष करडी आणि फिकट येते. गडद निळ्या रेषेची सवय असेल त्याला ती अपुरी वाटेल, पण भरायला पुरते, आणि फिक्या दोऱ्याखालून डोकावत नाही. दाब भरपूर द्या, आणि कागद गरम असतानाच सोला. थंड झाला की टोनर परत कागदाला धरतो.

महालची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल केसमेंट भिजवून धुतलं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट निघालं, म्हणजे खळ बरीच होती. आज शेजारच्या काकूंची जुनी इस्त्री आणली.

सरांनी सांगितलेलं टोनरचं रात्रीच करून पाहिलं, पण घरच्या प्रिंटरवर. तीन वेळा केलं, काहीच उठलं नाही. कागद जरा पिवळा झाला फक्त. कुठे चुकलं?

कागद_कात्री

घरचा प्रिंटर इंकजेट असणार, शाईच्या टाक्यांचा. त्याची शाई पातळ असते आणि कागदात मुरते. इस्त्रीने ती वितळायची नाही. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे जा, तिथे टोनरच असतो.

भंडाऱ्याची_मावशी

बाई, तू मॅटी नि केसमेंटवर करून राहिली, म्हणून चालते. पण कोणी हे वाचून टसरच्या पातळावर गरम इस्त्रीचा छाप मारू नका. आमच्याकडे करवतकाठी टसर घरोघरी. टसरले एवढी आच सोसत नाही. इस्त्रीवर टिंबं असतात पाहा. एक टिंब म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. हा छाप तिसऱ्या टिंबावर उठते, रेशमाले दुसऱ्याच्या वर नेऊ नये.

रेशमाले आणि गडद रंगाले आमचा जुना खाकाच बरा. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, खाली घडी केलेलं घोंगडं ठेवायचं आणि सुईनं रेषेवर बारीक बारीक भोकं पाडत जायचं. भोकं जवळजवळ, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या अंतरानं. मग कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली पूड कापडाच्या बोळ्यानं वरून पुसायची. फिक्या कापडावर नीळ, गडद कापडावर झिंक ऑक्साइड. रॉकेल उडून जाते, ठिपके राहतात. बोळा पिळून कोरडाच ठेवायचा, ओला झाला तर ठिपके पसरून डाग होते. आणि रॉकेलाचा वास पुरता गेल्याशिवाय इस्त्रीजवळ न्यायचं नाही, लक्षात ठेवा.

आजकाल रॉकेल मिळत नाही, आम्ही टर्पेंटाइन घेतो. एकच कागद शंभरदा चालते आणि अक्षर पण उलटं होत नाही, कारण कागद सरळच ठेवायचा. लखनौवाले चिकनचं काम लाकडी ठशानं नि निळीनं छापतात, धुतली की नीळ निघून जाते, तसंच हे.

टेबलक्लॉथच्या अक्षरांले खाकाच कर बाई. माझं ऐक.

मनीषनगर_३०४

पेनांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. इथल्या उन्हाळ्यात जपून.

मी कुशन कव्हरवर उष्णतेने पुसणाऱ्या पेनने अख्खी वारली नक्षी काढली. तीन संध्याकाळ लागल्या. गेल्या मेमध्ये ते कापड गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दुपारी दोन तास बाजारात गेले. परत आले तर कापड कोरं. ही शाई साधारण ६० अंशांना रंगहीन होते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. घरी येऊन ढसाढसा रडले. मग भावाने सुचवलं म्हणून कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी रेषा परत आल्या होत्या, जराशा फिकट, पण सगळ्या. थंडीने हा रंग पुन्हा दिसू लागतो. म्हणजे शाई जातच नाही, लपते. जपून ठेवायच्या वस्तूवर मी ती आता वापरत नाही.

जांभळं, हवेने उडणारं पेनही असतं. ओल असली की ते लवकर उडतं. आमच्याकडे समोर कूलर चालू, त्याची दमट हवा थेट कापडावर. पहिलं पान भरेपर्यंत दुसऱ्याची रेष गेलेली. आणि निळं, पाण्याने जाणारं पेन चांगलं आहे, फक्त रेष धुण्याआधी इस्त्री लावायची नाही. उष्णतेने ती निळाई पक्की होते. आधी साधं गार पाणी, भरपूर, मग वाळवणं, मग प्रेस.

महालची_लेक

मावशी, खाका करते. टर्पेंटाइन आजच आणते. ताई, तुमची गाडीची गोष्ट वाचून मी माझ्या स्कूटीच्या डिकीतून कापडाची पिशवी आधी घरात आणली.

अजून एक विचारू? आजीच्या कागदांवर कोपऱ्यात इंग्रजीत "हॉट आयर्न ट्रान्सफर" असं छापलंय आणि किंमत पेन्समध्ये आहे. हे इथे नागपुरात कसे आले असतील?

जुनं_ते_जपू

किंमत पेन्समध्ये म्हणजे कागद इंग्लंडचे. इस्त्रीने उठणाऱ्या छापाचं पेटंट १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या विल्यम ब्रिग्ज यांच्या कंपनीने घेतलं. त्याआधी तिकडेही भोकं पाडलेला कागद आणि पूडच होती, म्हणजे मावशींचा खाकाच. पुढे तिकडच्या बायकांच्या मासिकांसोबत असे कागद भेट म्हणून येऊ लागले. तुमच्याकडच्या एखाद्या कागदाला घडीच्या खुणा असतील तर तो मासिकात घालून आलेला असू शकतो. त्याच दशकात, १ जानेवारी १८७७ ला, नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गावात सुती कापडाला तोटा नव्हता आणि छावणीमुळे सदर भागाकडे विलायती वस्तूही येत. आजीच्या पिढीला हे कागद कुणा मेमसाहेबाकडून, शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून किंवा रद्दीतल्या मासिकांतून मिळाले असतील. आईंना विचारा, आजी कुठल्या शाळेत शिकल्या ते.

गठ्ठा अल्बममध्ये ठेवणार असाल तर दोन कागदांमध्ये बटर पेपर घाला. उन्हाळ्यात शाई मऊ होऊन एकाची नक्षी दुसऱ्याला चिकटू शकते. वर वजन ठेवू नका, आणि कूलरची खोलीही नको.

महालची_लेक

आईला विचारलं. आजी मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, आणि शिवणाच्या बाई जाताना तिला काही सामान देऊन गेल्या, एवढं आईला आठवतं. ट्रंकेत त्या कागदांसोबत हस्तिदंती रंगाची एक अंगठी होती, भरताना बोटात घालायची. ती आता माझ्या बोटात बसते.

झेरॉक्सच्या टोनरने टोपली उठली. करडी, नाजूक, जणू शिसपेन्सिलीने काढलेली. संत्र्याच्या डहाळीला मात्र मी ट्रान्सफर पेन्सिल वापरली. चित्र माझं होतं आणि फळाच्या गोलाला ठळक रेष हवीशी वाटली. तिथे अडकले. पेन्सिल निळी आहे, दोरा केशरी. दोन पदरी दोऱ्याने भरीव टाका घातला तर कडेला निळी रेष सुतभर दिसते आणि केशरी रंग मळकट वाटतो. फोटो जोडलाय.

धरमपेठ_भरतवर्ग

फोटो पाहिला. टाका छान पडलाय, हात आजीचाच आहे.

छापाची रेष बारीक दिसते पण जवळजवळ मिलिमीटरभर रुंद असते. तिच्या मधोमध सुई काढलीस तर अर्धी रेष बाहेर राहणारच. सुई रेषेच्या बाहेरच्या कडेला काढायची, अगदी निळाई संपते तिथे. म्हणजे सगळी निळाई टाक्याच्या पोटात जाते.

पिवळा, केशरी, पांढरा हे रंग निळ्याला झाकत नाहीत, ती निळाई वर येते. म्हणून संत्र्याला आधी अस्तर घाल. गोलाच्या कडेवर त्याच केशरी दोऱ्याने बारीक उलटी टीप मारून घे, रेषेच्या अंगावरच. आतल्या भागात आडवे विरळ धावदोरे. मग त्यावर उभा भरीव टाका, तीन पदरी. सहा पदरी लडी असते ना, आठ मीटरची, तिचे तीन पदर एकेक करून वेगळे काढ आणि मग एकत्र ओव. एकदम ओढलेस तर पीळ तसाच राहतो आणि टाका सपाट बसत नाही. अस्तर घातलं की फळही जरा फुगीर दिसतं, आणि संत्रं फुगीरच हवं. सालीवरचे खड्डे दाखवायला वर चार-पाच गाठीचे टाके, जरा गडद केशरी. जास्त नको, नाहीतर फळ पुळ्या आल्यासारखं दिसेल.

देठाला आणि पानांच्या शिरांना दोन पदरी उलटी टीप पुरणार नाही, रेष डोकावेल. तिथे देठाचा टाका नाहीतर साखळी टाका घे, दोन्ही रुंद आहेत. पानांना हिरवा गडदच आहे, तिथे काळजी नाही.

पुढच्या वेळी फिका रंग भरायचा असेल तर पेन्सिलीचा छाप आधी एका रद्दी कापडावर दाबून घे. पहिला ठसा सगळ्यात गडद उठतो. दुसरा फिका, तिसरा त्याहून फिका. संत्र्याला दुसरा किंवा तिसरा ठसाच घ्यायचा.

उलटी_टीप

हे ठशांचं मलाही नवीन. अमेरिकेहून वहिनींनी आंट मार्थाज या कंपनीचे छाप पाठवलेत, त्यांवर एक कागद अनेकदा वापरा असं लिहिलंय. मी दर वेळी नवा घेत होते. आता पांढऱ्या जाईसाठी वापरलेलेच काढते.

महालची_लेक

अस्तर घालून पुन्हा भरलं. निळाई गेली. आईने अभ्रा हातात घेतला, बराच वेळ अंगठा त्या संत्र्यावरून फिरवत राहिली आणि मग म्हणाली, आजीच्या उशीवर गुलाब होते, असेच वर आलेले.

खाक्याची अक्षरंही उठली, सरळ. मावशी, घोंगडं नव्हतं, सतरंजीची घडी घातली, भोकं नीट पडली.

एवढंच राहिलं. पहिला अभ्रा रविवारपर्यंत पुरा होईल. धुऊ का लगेच? आणि प्रेस कशी करू, भरलेलं दबेल ना?

धरमपेठ_भरतवर्ग

धू, पण गार पाण्यात, हलक्या साबणात, आणि पिळू नकोस. हिरव्या दोऱ्याचा रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने टिपून बघ. पाणी निथळलं की मऊ, जाड टॉवेल पसर, त्यावर अभ्रा भरलेली बाजू खाली करून ठेव आणि थोडा दमट असतानाच मागून प्रेस कर. टाके टॉवेलमध्ये रुततात आणि संत्रं फुगीर राहतं. आता वाफ चालेल, तुझी स्टीम इस्त्री यासाठी काढ. फक्त टोनरच्या टोपलीवर अजून टाके घालायचे असतील तर तो अभ्रा आत्ता धुऊ नकोस, ती रेष फिकी होईल. आधी टोपली पुरी कर.